बरणीतली फुलं काळी का पडतात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांत आणि मोबाइलवर काचेच्या बरणीत फुलं सजवण्याच्या कृती झळकू लागतात. रिकामी बरणी घ्या, वाळलेली फुलं ठेवा, झाकण लावा, गळ्याला सुतळी गुंडाळा, झालं. फोटो सुरेख असतो. पण मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी तीच बरणी पंधरा दिवसांत आतून धुरकट होते, गुलाबाच्या पाकळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात, देठापाशी पांढरी बुरशी धरते आणि महिन्याभरात सगळं कचऱ्यात जातं. करणाऱ्याला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नसतो. बहुतेक कृती कोरड्या हवेच्या देशांतून जशाच्या तशा उचललेल्या असतात. तिथे फुलांची जुडी खोलीत उलटी टांगली तरी वाळते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. तिथे टांगलेली जुडी वाळण्याआधी बुरसटते. म्हणून हे पत्र थोडं सविस्तर लिहीत आहे.

आधी एक हिशेब. ३० अंश तापमानाला एक लिटर हवेत जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम पाणी मावतं. म्हणजे ऐन पावसात झाकण लावलं तरी हवेबरोबर बरणीत जाणारं पाणी एका थेंबापेक्षाही कमी असतं. उलट बाजारातल्या टपोऱ्या गुलाबाचं देठाशिवायचं नुसतं फूल ८-१० ग्रॅम भरतं आणि त्यातला चार पंचमांश भाग पाणी असतो. ते अर्धवट वाळून एक ग्रॅम पाणी जरी आत राहिलं, तरी ते त्या लिटरभर हवेतल्या पाण्याच्या तीसपटीहून जास्त झालं. बरणी नासते ती या पाण्याने. बुटांच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची पुडी आत टाकली की काम झालं, असं अनेक कृती सांगतात. ५ ग्रॅमची पुडी फार तर एक-दीड ग्रॅम पाणी पिते. हवेतल्या ओलाव्यासाठी ती पुरून उरते. कच्च्या वाळलेल्या पाचसहा फुलांपुढे तिचं काही चालत नाही. तेव्हा खरी मेहनत बरणी सजवण्यात नाही, फूल वाळवण्यात आहे.

कुठलं फूल घ्यावं, इथूनच अर्धं यश ठरतं. गोम्फ्रेना, म्हणजे बटणासारखी गोल जांभळी-गुलाबी फुलं येणारं झाड, तसंच कोंबडा, रानातलं कुर्डू आणि फुलवाल्यांकडे जुडीने मिळणारं स्टॅटिस यांच्या फुलोऱ्यात मुळातच पाणी कमी असतं. ती जवळजवळ जशीच्या तशी राहतात, रंगही टिकतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. बोगनवेलीचे रंगीत भाग तर कागदासारखेच असतात, दोन-तीन दिवसांत वाळतात. गुलाब, झिनिया, ॲस्टर, छोटी शेवंती, जरबेरा ही दुसऱ्या पायरीची फुलं. झेंडू सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. त्याच्या बुडाशी असलेली हिरवी वाटी जाड आणि मांसल असते. वरच्या पाकळ्या कुरकुरीत झाल्या तरी वाटी आतून ओलीच असते आणि आठवड्याभरात तिथूनच फूल सडायला लागतं.

मोगरा, जाई, जुई, निशिगंध आणि सोनचाफा यांच्या नादी लागू नये. त्यांच्या पाकळीला जरा हात लागला तरी ती तपकिरी पडते, आणि वाळल्यावर सुगंधही उरत नाही. जास्वंदीत चिकट द्रव असतो, ती आक्रसून गोळा होते. पारिजातकाची पाकळी वाळून जवळपास पारदर्शक होते, केशरी देठ तेवढा उरतो. गौरीचा तेरडा आणि सदाफुली बरणीत उभी करण्यापेक्षा वहीत दाबून वापरावीत, ती तिथेच शोभतात.

रंगाचंही असंच आहे. पिवळा आणि केशरी रंग देणारी द्रव्यं टिकाऊ असतात, म्हणून वाळलेला झेंडू वर्षभरानेही झेंडूच दिसतो. लाल, गुलाबी आणि जांभळा रंग देणारी द्रव्यं नाजूक. पाणी गेलं की ती दाट होतात, आम्लता बदलली की छटा बदलते. गडद लाल गुलाब म्हणूनच वाळल्यावर काळपट मरून रंगाचा दिसतो. तो बिघडलेला नसतो. लाल रंग हवाच असेल तर फिकट लाल किंवा केशरी झाक असलेलं फूल निवडावं. वाळल्यावर ते नेमकं लाल दिसतं. गुलाबी गुलाबाला जांभळट झाक येते, ती मात्र छान दिसते.

फूल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव उडून गेल्यावर आणि पूर्ण उमलण्याच्या थोडं आधी तोडावं. पूर्ण उमललेलं फूल वाळताना पाकळ्या गाळतं. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबावं. बाजारातून आणलेल्या फुलांवर विक्रेते दिवसभर पाणी शिंपडत असतात. अशा फुलांचे देठ दोन तास पाण्यात ठेवून वरून पंखा लावावा. फूल ताजंतवानं आणि पाकळी कोरडी, अशा अवस्थेतच ते वाळवायला घ्यावं. पाकळ्यांच्या आत अडकलेला पाण्याचा एक थेंबही वाळल्यावर तपकिरी डाग होऊन दिसतो.

आता वाळवणं. आपल्या हवेत खात्रीचा मार्ग सिलिका जेलचा आहे. दुकानात दोन प्रकार मिळतात. तीन-चार मिलिमीटरचे गोल दाणे पाकळीवर खळगे पाडतात, ते फुलांना नकोत. साखरेपेक्षाही बारीक, ६० ते १२० मेशचं (मेश म्हणजे चाळणीच्या बारीकपणाचं माप) पांढरं जेल प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, ते घ्यावं. ओलावा ओळखायला त्यात चमचाभर नारंगी रंगाचे दाणे मिसळावेत. पाणी प्यायले की त्यांचा नारंगी रंग जाऊन ते हिरवट किंवा फिके पडतात. निळे दाणेही मिळतात, पण त्यांतलं कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर ते आणूच नयेत. बारीक जेलची धूळ छातीत जाऊ नये म्हणून ओतताना मास्क लावावा.

पुष्कळ जण जेलऐवजी तांदूळ वापरायला सांगतात. तांदूळ इतकं कमी आणि इतकं सावकाश पाणी ओढतात की फूल त्याआधीच काळं पडतं. मीठ तर पावसाळ्यात स्वतःच पाझरतं. कपाटातला दमटपणा घालवायला जे डबे मिळतात, त्यांतलं रसायन पाणी ओढून द्रव होतं आणि फूल भिजतं. नदीची बारीक वाळू मात्र चालते. चार-पाच वेळा धुऊन, चाळून, उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. ती स्वतः पाणी ओढत नाही, फुलाचा आकार धरून ठेवते आणि पाणी हळूहळू वर जाऊ देते. म्हणून डबा उघडा ठेवावा लागतो, दोन-तीन आठवडे लागतात आणि नाजूक पाकळ्या वजनाने चेपतात. घाटावर आणि विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी ते मे या काळात वाळू बेताच्या खर्चात चांगलं काम देते. त्याच दिवसांत तिकडे स्टॅटिस, कोंबडा आणि गवताचे तुरे अंधाऱ्या, वारा खेळत्या जागी उलटे टांगूनही वाळतात. कोकणात पावसाळ्यात वाळूच्या वाटेला जाऊ नये.

एक लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाऊण किलोच्या आसपास जेल मावतं आणि त्यात मध्यम आकाराचे तीन-चार गुलाब बसतात. वजनाचा हिशेब धरायचा तर फुलांच्या दहापट जेल असू द्यावं. देठ दोन सेंटिमीटर ठेवून कापावा. बरणीत फूल उभं करायचं असेल तर २२ किंवा २४ गेजची बारीक तार त्याच वेळी बुडातून वर खोचावी. वाळल्यावर बूड लाकडासारखं कडक होतं आणि तार घालताना फूल फुटतं. झेंडू-शेवंतीच्या मागच्या बाजूला, पाकळ्या जिथे एकत्र येतात तिथे, फेविकॉलचा एक थेंब देऊन तो सुकू द्यावा. वाळल्यावर पाकळ्या गळणं त्याने बरंच थांबतं.

डब्यात आधी तीन सेंटिमीटर जेलचा थर द्यावा. गुलाब, झिनिया, शेवंती तोंड वर करून ठेवावीत. जरबेऱ्यासारखं चपटं फूल पालथं ठेवलं तरी चालतं. पुढची पायरी घाईत बिघडते. जेल फुलाच्या डोक्यावर ओतायचं नाही. चमच्याने डब्याच्या कडेने सोडत न्यायचं, म्हणजे ते खालून वर चढत पाकळ्यांना बाहेरून टेकू देतं. बाहेरची पातळी पाकळ्यांच्या निम्म्यावर आली की मग कागदाच्या पन्हळीतून फुलाच्या आत, पाकळ्यांच्या घड्यांत, चिमूट चिमूट सोडायचं. मधूनमधून डब्याला बोटाने हलकं टिचकावं, पोकळी राहिली असेल तर जेल खाली बसतं. आतून रिकामा राहिलेला गुलाब वाळताना मिटतो, बाहेरून आधार नसलेला उताणा होतो. दोन फुलांमध्ये बोटभर अंतर ठेवावं, वर दोन सेंटिमीटरचा थर देऊन झाकण लावावं आणि त्यावर तारीख लिहावी.

बोगनवेलीला दोन-तीन दिवस, झिनिया-ॲस्टरला तीन ते पाच, गुलाबाला पाच ते सात, झेंडूला सात-आठ दिवस लागतात. ही मोजमापं ढोबळ आहेत, फुलाच्या आकाराप्रमाणे पुढेमागे होतील. वेळ झाली की डबा तिरका करून जेल हळूहळू दुसऱ्या भांड्यात सांडायचं. फूल चिमटीत धरून वर ओढायचं नाही, जेल उतरत गेलं की ते आपोआप मोकळं होतं. अडकलेले कण चित्रकलेच्या मऊ ब्रशने झाडावेत. मग बुडाची हिरवी वाटी नखाने दाबून पाहावी. टणक लागली तर फूल झालं. किंचितही दबली तर पाकळ्या बाहेर ठेवून फक्त बूड जेलमध्ये राहील असं एक-दोन दिवस पुन्हा ठेवावं. पूर्ण फूलच पुन्हा पुरलं तर पाकळ्या इतक्या ठिसूळ होतात की ब्रशच्या स्पर्शानेही तुटतात. झेंडूला हे बूड वाळवणं जवळजवळ नेहमीच लागतं.

जेल फेकायचं नाही. ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. ओव्हन नसेल तर पसरट कढईत दोन सेंटिमीटरपेक्षा कमी थर घेऊन मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, हलवत राहावं. नारंगी दाण्यांचा रंग परतला की गॅस बंद. ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नये. गरम जेल थेट फुलांवर घालू नये. झाकण लावून गार होऊ द्यावं, उघडं ठेवलं तर गार होता होताच ते हवेतलं पाणी पितं.

वाळलेलं फूल पावसाळी हवेत उघडं राहिलं तर तासा-दोन तासांत पाकळ्या पुन्हा मलूल होतात. म्हणून फुलं बाहेर काढण्याआधी बरणी तयार हवी. लोणच्या-जॅमच्या बरण्या उत्तम, पण त्या नीट धुतल्या पाहिजेत. लेबल काढायला कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवून ठेवावं. उरलेल्या डिंकावर खाण्याचा सोडा आणि कुठलंही तेल समभाग कालवून वीस मिनिटं लावावं आणि पुसून काढावं. आतून लोणच्याचा तेलकट थर जाईपर्यंत कोमट पाणी आणि साबणाने घासावी, शेवटी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून खळखळवावी. बरणी फडक्यावर पालथी ठेवली की आतली वाफ तिथेच कोंडते. पाणी निथळलं की ती सरळ करून, तोंड वर ठेवून उन्हात दोन-तीन तास ठेवावी. ओव्हनमध्ये वाळवायची तर थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तापवावी, आणि बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर टेकवू नये, बुडाला तडा जातो. झाकण नवं घ्यावं. जुन्या झाकणाच्या आतल्या रबरी कड्यात मसाल्याचा वास आणि तेल मुरलेलं असतं, ते कितीही धुतलं तरी जात नाही. ६३, ७० आणि ८२ मिलिमीटर या मापांची झाकणं सुटी मिळतात.

रचताना तळाला दोन-तीन सेंटिमीटर धुऊन भाजलेली पांढरी वाळू किंवा खडे घालावेत, त्यातच सिलिकाची ५ ग्रॅमची पुडी दडवावी. तारा खोचायला फुलवाल्यांकडचा कोरड्या फुलांसाठीचा फोम वापरावा. ताज्या फुलांचा हिरवा, पाणी पिणारा फोम वेगळा. शाडू किंवा ओली माती मुळीच नको. बाहेरून सुकलेली दिसली तरी तिच्या पोटात आठवडे न् आठवडे पाणी असतं. शेवाळही नको. शेवाळ, नेचे आणि माती घालून बंद बरणीत जिवंत बाग करतात तो प्रकार निराळा. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना बंद काचेच्या भांड्यात नेचा आपोआप उगवलेला दिसला, तिथून त्याची सुरुवात झाली. त्या बरणीच्या काचेवर धुकं येणं ही झाडं जगत असल्याची खूण. आपल्या बरणीत तेच धुकं म्हणजे फुलं गेली म्हणून समजा. हे दोन प्रकार एकत्र करून दाखवणारे व्हिडिओ लोकांना हमखास फसवतात.

ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या पानांचंही असंच. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाण्यात नीलगिरी किंवा सिल्व्हर ओकच्या डहाळ्या पाच-सात सेंटिमीटर बुडवून दोन-तीन आठवडे ठेवल्या की पानं मऊ, तुकतुकीत आणि टिकाऊ होतात. पण ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतं. ती पानं कोरड्या फुलांबरोबर बंद बरणीत ठेवली तर त्यांचा ओलावा फुलांकडे जातो. ती उघड्या फुलदाणीत ठेवावीत.

चिकटवण्याच्या चुका तर डोळ्यांदेखत घडतात. झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूची वाफ बंद बरणीत काचेवर बसते आणि आतून पांढरी झाक येते. मग फुलं न काढता ती पुसता येत नाही. फेविकॉलमध्ये पाणी असतं. तो लावून लगेच झाकण लावलं तर ते पाणी आतच राहतं, म्हणून ४८ तास सुकू द्यावा, आणि तोवर फुलं न पुरता जेलच्या डब्यात परत ठेवावीत. ग्लू गनचा गरम गोंद सगळ्यांत बरा, फक्त थेंब लहान घ्यावा आणि तंतू सुटले तर गार झाल्यावर चिमट्याने उचलावेत. झाकणाला सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं टाळावं, त्याचं आम्ल रंग फिरवतं.

कायमचं बंद करण्याआधी एक चाचणी जरूर घ्यावी. कोरड्या नारंगी दाण्यांपैकी चारच दाणे फुलांजवळ ठेवून झाकण लावावं आणि दोन दिवस थांबावं. दाणे नारंगीच राहिले तर बरणी बंद करावी. फिके पडले किंवा पहाटे काचेच्या आतून धुकं दिसलं तर फुलांची बुडं पुन्हा जेलमध्ये. चार दाण्यांची ही तपासणी आणखी एका कृतीतही छापली गेली तर कितीतरी बरण्या वाचतील.

बुचाचं लाकडी झाकण दिसायला छान, पण त्यातून हवा जाते. ते वापरायचं तर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुडी बदलावी. मेणाने सील करायचं तर मेण ५५-६० अंशांना वितळतं हे ध्यानात ठेवून बरणी उन्हाच्या खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवू नये. ऊन तसंही नकोच, रंग सगळ्यांत आधी उन्हानेच उडतो.

किडीचं फारसं कुणी बोलत नाही. हळदीत आणि मसाल्यात होणारा तपकिरी बारीक किडा वाळलेल्या फुलांतही होतो. बरणीच्या तळाशी पिवळट भुकटी दिसू लागली की समजावं. उपाय असा की वाळलेली फुलं घट्ट डब्यात किंवा झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये एक-दोन आठवडे ठेवावीत. बाहेर काढल्यावर डबा दिवसभर उघडायचा नाही, नाहीतर गार फुलांवर हवेतलं पाणी जमतं. डांबरगोळ्या टाकू नयेत. त्या श्वासाला घातक, आणि त्यांची वाफ काचेवर स्फटिक होऊन बसते.

तेलात बुडवलेल्या फुलांच्या बाटल्या सध्या भेट म्हणून खूप विकल्या जातात. जपानमध्ये हा प्रकार हर्बेरियम या नावाने लोकप्रिय झाला. त्यातही फूल आधी पूर्ण वाळलेलंच लागतं. ताजं फूल तेलात घातलं की त्याचं पाणी बाहेर येऊन तेल गढूळ होतं. खोबरेल घातलं तर २४ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि पुण्या-नाशकात थंडीच्या सकाळी बाटली पांढरीफेक होते. शेंगदाणा, सूर्यफूल ही तेलं खवट होऊन पिवळी पडतात. निव्वळ पाण्यात घातलेली फुलं दोन-तीन दिवसांची पाहुणी. दाट सिलिकॉन तेल सर्वांत बरं. लिक्विड पॅराफिन स्वस्त, पण ते पेट घेऊ शकतं. फुलं काडीने आत बसवून तेल काचेच्या कडेने सोडावं, बुडबुडे निघायला २४ तास द्यावेत आणि तोंडापर्यंत भरू नये. एक लिटर तेल २० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की २० मिलिलिटरच्या आसपास फुगतं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली बाटली झाकणातून गळते ती यामुळेच. द्रवाने भरलेली गोल बाटली भिंगासारखं ऊन एकवटते, म्हणून ती खिडकीत, पडद्याजवळ किंवा कागदांजवळ ठेवू नये. आणि बाटली टाकून द्यायची वेळ आली तर तेल मोरीत ओतू नये, जुन्या कापडात शोषून घ्यावं.

दिवाळीत बरणीत दिवा लावायची हौस असते. वाळलेली फुलं आणि ज्योत एका बरणीत कधीही नको. ती फुलं अक्षरशः सरपण असतात. उजेड हवा असेल तर दाबून वाळवलेली फुलं बरणीच्या बाहेरून चिकटवावीत. काच स्पिरिटने पुसून, दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी अशा मिश्रणाने फूल बसवून, सुकल्यावर व्हार्निशचे दोन हात द्यावेत, आणि आत बॅटरीवरची माळ सोडावी. त्या माळेच्या डबीत चपट्या बटणासारखा सेल असेल तर डबीचं झाकण स्क्रूने बंद होणारं घ्यावं. तो सेल मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं.

ताज्या फुलांच्या बरणीबद्दल थोडक्यात. पाण्याखाली येणारी पानं काढावीत, देठ दर दोन दिवसांनी तिरका कापावा, पाणी रोज बदलावं. डेंग्यूचे डास अंडी पाण्याच्या कडेला काचेवर चिकटवतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा बरणी आतून घासावी. मनी प्लांटच्या बाटल्यांनाही हेच लागू.

आणखी एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावरची आणि सह्याद्रीच्या सड्यांवरची फुलं बरणीसाठी तोडू नयेत. कास हे २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथे फुलं तोडायला बंदी आहे. शिवाय ती इवली फुलं वाळवून काही उरतही नाही. मावळातल्या पॉलिहाउसांतून येणारे गुलाब आणि जरबेरा, दसऱ्यानंतर दादरच्या आणि गुलटेकडीच्या बाजारात उरणारी फुलं, एवढा माल आपल्याकडे आहे.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने फुलं वाळवण्याच्या तंत्रावर बरीच वर्षं काम केलं आहे आणि महिलांना त्याचं प्रशिक्षणही दिलं आहे. पुण्यात तर पुष्पसंशोधनाचं राष्ट्रीय संचालनालयच आहे. कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या बचत गटांना बरण्यांचं प्रशिक्षण देताना निम्मा वेळ तरी फुलं वाळवण्याला द्यावा, नुसत्या सजावटीला नको. बायका पदरचे पैसे घालून शंभर-दीडशे बरण्या करतात आणि महिन्याने गिऱ्हाईक त्या परत आणून देतं, तेव्हा पुढच्या वर्षी त्या या कामाला हात लावत नाहीत.

विक्रेत्यांनी बरणीवर एवढं तरी छापावं: आत काय भरलं आहे, फुलं रंगवलेली आहेत का, आणि बरणी कधी बंद केली. रंगवलेली फुलं तेलात रंग सोडतात, हे घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. आणि आपल्या पुरवणीत यंदा अशी कृती छापाल, तेव्हा तिच्यासोबत फूल किती दिवस आणि कशात वाळवलं, आणि ती कृती कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात करून पाहिली, हे छापावं, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, ठाणे